निपाणीच्या पुढचं जेवण

"इडलीत तिखट घालत्यात का हो, हेर्लेकर?"

बापूसाहेब शिंत्र्यांनी हे मला भट्टीसमोर उभं राहून विचारलं. भट्टीत लोखंड वितळत होतं, चार माणसं ओतकामाची तयारी करत होती, आणि मी हातात तपासणीचा फॉर्म घेऊन उभा होतो. मी म्हणालो, "नाही साहेब. इडलीत काहीच घालत नाहीत."

"मग ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी डेन्मार्कचे पाहुणे तुमच्याकडं जेवायला. साऊथ इंडियन करायचं."

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत साहेबांची फाउंड्री होती, आणि निर्यात करायची असं त्यांनी ठरवलं तेव्हा इंग्रजी बोलणारा इंजिनियर म्हणून मला घेतलं होतं. मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. डेन्मार्कची एक कंपनी आमच्याकडून पंपांच्या ओतीव बॉड्या घेणार होती. घेणार होती म्हणजे घेईल असं साहेबांना वाटत होतं. त्यासाठी मॅडसेन नावाचे एक उंच गृहस्थ आणि त्यांच्या सहकारी बिरगिटबाई चार दिवस कारखान्यात फिरणार होते आणि शनिवारी सकाळी हो किंवा नाही सांगून गोव्याला जाणार होते.

"पण साहेब, माझ्याकडे का? हॉटेल आहे..."

"त्यांनीच फॅक्सात लिवलंय, कुणाच्या तरी घरी जेवायचं हाय म्हणून. आमच्या घरी नेलं असतं, पण मागच्या खेपेला काय झालं ठाऊक हाय न्हवं?"

ते सगळ्या शिरोलीला ठाऊक होतं. मागच्या खेपेला साहेबांनी मॅडसेनना घरी नेऊन तांबडा रस्सा पाजला होता. मॅडसेन पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीतून बाहेर आले नव्हते. कारखाना त्यांनी फोटोंवरूनच पाहिला होता.

"आता हलकं पायजे. आजारी माणसाला इडली देत्यात का न्हाई? आणि तुमच्या मिसेस साऊथच्याच की."

"धारवाडच्या, साहेब."

"मग? निपाणी सोडली की सगळं साऊथच." साहेब जायला वळले, पुन्हा थांबले. "हे बघा, ऑर्डर आली तर तुम्ही पर्मनंट. न्हाई आली तर बघू."

आमच्या कारखान्यात 'बघू' म्हटलेला माणूस पुन्हा कुणी बघितला नव्हता.

वृंदाला मी हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरवलं गेलं, मग ती म्हणाली, "मी साऊथची?"

"साहेबांच्या मते."

"आमच्याकडे सकाळी भाकरी आणि रात्री भाकरी. घरी केलेली इडली मी पहिल्यांदा खाल्ली ती लग्नानंतर, ह्या घरात, तुमच्या आईंच्या हातची."

"मग तीच कर."

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "माझी इडली घट्ट होते. तू लहानपणी दाताला लागते म्हणून रडायचास."

"तुम्ही साहेबांना सांगायचंत," वृंदा म्हणाली, "की बायकोला येत नाही."

"असं कसं सांगणार?"

"तोंडानं."

हे तिचं पहिल्यापासून असं होतं. लग्न ठरवताना माझ्या मामांनी, स्वयंपाक येतो ना, असं विचारलं, तर ही म्हणाली होती, "रोजचा येतो. सणाचा नाही येत." मामा घरी येऊन म्हणाले, मुलगी चांगली आहे पण फार खरं बोलते, विचार करा. मी विचार केला नाही, एवढंच माझं त्यातलं कर्तृत्व.

एस.टी.डी. बूथवर जाऊन तिनं मैसूरच्या मावशीला फोन लावला. मी बाहेर उभा राहून ती सांगेल ते लिहून घेत होतो. खिशात कारखान्याचे तपासणीचे फॉर्म सोडून दुसरा कागद नव्हता. त्यामुळे आमचं सांबार 'अपेक्षित माप', 'प्रत्यक्ष माप' आणि 'शेरा' अशा तीन रकान्यांत उतरलं. गुरुवारी रात्रीपर्यंत प्रत्यक्ष मापाचा रकाना भरला होता. शेरा कुणी लिहिला नाही.

खरी अडचण पिठाची होती. कोल्हापुरात जानेवारीत थंडी पडते आणि थंडीत पीठ फुगत नाही. आईनं पातेल्याला स्वतःची शाल गुंडाळली, त्यावर गोधडी घातली, आणि ते देवघराशेजारच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. शुक्रवारी सकाळी पीठ फुगलं होतं, पण फार उत्साहानं नव्हे. त्यात चोवीस इडल्या झाल्या. मेदूवड्यांना भोक पडत नव्हतं. पडलं तर मध्यभागी पडत नव्हतं. सांबार मात्र जमलं होतं. रस्समही जमलं होतं. शिवाय लिंबाचा भात, दहीभात, शेवयांची खीर. मंडईतून केळीची पानं आणली होती.

"पुरेल ना?" मी विचारलं.

"माणशी चार इडल्या धरल्यात," वृंदा म्हणाली. "तुम्ही चौघं टेबलावर, आम्ही दोघी मागाहून. शिस्तीत खाल्लं तर पुरेल."

"पाहुण्यांना शिस्तीत खा म्हणून सांगणार का तू?" आई म्हणाली. "वाढायचं माझ्याकडे दे. पानात हिरवं दिसता कामा नये, एवढं मला कळतं."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलो होतो. पाहुण्याच्या पानात कुठंही केळीचं हिरवं दिसलं, की तिथं काहीतरी वाढायचं. पाहुणा नको म्हणतो ते आपण ऐकायचं नसतं, आणि आपण ऐकणार नाही हे पाहुण्याला माहीत असतं. मग तो पानावर आडवा हात धरतो, आपण हाताच्या बाजूनं वाढतो, तो हात जोडतो, आपण थांबतो. आमच्याकडे हे असंच चालतं आणि कुणाला इजा होत नाही.

पण डॅनिश माणसाला ह्यातलं काय माहीत असणार, हा विचार त्या घरात कुणालाच सुचला नाही.

साडेसहाला साहेबांची जीप आली. मॅडसेन दारातून वाकून आत आले, आणि आत आल्यावरही जरा वाकलेलेच राहिले. बिरगिटबाई पन्नाशीच्या होत्या, केस बारीक कापलेले, आणि त्या सगळीकडे नीट बघत होत्या. आईनं नमस्कार केला, त्यांनीही केला. पाचच मिनिटांत सगळे टेबलाशी बसले, कारण आमच्या बैठकीत साहेब आणि मॅडसेन एकाच वेळी उभे राहू शकत नव्हते.

मॅडसेननी पहिल्यांदा वडा उचलला, डोळ्यांसमोर धरला, फिरवला.

"भोक मध्यावर नाही," ते इंग्रजीत म्हणाले.

आमच्या पंपाच्या बॉडीचंही नेमकं हेच दुखणं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हा हातानं केलाय."

"बॉडीसुद्धा?"

"नो प्रॉब्लेम," साहेब म्हणाले.

साहेबांचं इंग्रजी एवढंच होतं, पण त्यांनी त्यावर चार दिवस काढले होते. महिन्याला दोन हजार बॉड्या द्याल का? नो प्रॉब्लेम. वेळेवर? नो प्रॉब्लेम. जोडीला एक मान हलवायला मी होतो. प्रत्यक्षात आमची भट्टी एक, साचे करणारी माणसं अकरा, आणि सोमवारी वसाहतीत वीज नसायची. दोन हजार ही संख्या आम्ही फक्त बोलण्यात गाठू शकत होतो.

मॅडसेननी पहिल्या चार इडल्या फार चवीनं खाल्ल्या. सांबारात बुडवून, चटणी लावून, मध्ये 'व्हेरी गुड' म्हणून. पान साफ केलं. आईनं त्या साफ पानाकडे पाहिलं आणि आणखी दोन वाढल्या.

मॅडसेननी त्या दोन खाल्ल्या आणि पान साफ केलं.

आईनं आणखी दोन वाढल्या.

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा पाहुणा तिला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. हात आडवा धरत नाही, 'बास बास' म्हणत नाही, वाढलं की खातो. मॅडसेनच्या चेहऱ्याकडेही मी पाहिलं. तिथं घाम होता. मला वाटलं, चटणी झोंबली.

"आवडलंय बघा गड्याला!" साहेब म्हणाले. "वाढा, मावशी, वाढा! लाजायलाय त्यो."

बिरगिटबाईंच्या पानाकडे मात्र आई दोनदा जाऊन परत आली. त्यांनी तिसऱ्या इडलीतला अर्धा तुकडा पानाच्या मधोमध ठेवला होता, शेजारी भाताची दोन शितं पसरली होती, आणि त्या ह्याला हातच लावत नव्हत्या. पान भरलेलं दिसत होतं. आईला वाढायला जागा सापडत नव्हती.

मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. वृंदा ओट्याला टेकून उभी होती.

"किती झाल्या त्यांच्या?" तिनं विचारलं.

"अकरा."

"साहेबांच्या सहा. तुमच्या तीन, बाईंच्या तीन. म्हणजे एक राहिली, आणि ती काढताना फुटलीय." तिनं सांबाराच्या पातेल्यात डाव फिरवला. डाव तळाला लागल्याचा आवाज आला. "वडे गेले. लिंबाचा भात दोन डाव. हे सांबार संपलं."

"संपलं म्हणू नये गं!" पाठोपाठ आत आलेली आई म्हणाली. "घरात पाहुणे असताना काय बोलतेस! पाणी घाल थोडं, उकळी काढ."

"दोनदा घातलंय, आई. आता सांबार कुठलं आणि रस्सम कुठलं, मलाच वास घेऊन बघावं लागतंय."

"त्याला कुठं कळतंय? घाल."

वृंदानं तिसऱ्यांदा पाणी घातलं. घालताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर आलो.

बाहेर मॅडसेन बोटांनी टेबलाची कड धरून बसले होते. त्यांचं पान साफ होतं. त्यांनी त्या पानाकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे वळून, फाशीची वेळ विचारावी तसं, हळूच म्हणाले, "अजून आहे का?"

मला त्यात भूक ऐकू आली. ऐकायची सवय तीच होती. मी म्हणालो, "भरपूर आहे. नो प्रॉब्लेम."

"प्रॉब्लेम आहे."

हे इंग्रजीत, दारातून. वृंदा हातात डाव घेऊन उभी होती. धारवाडच्या कॉलेजात तिनं रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते आजवर तिनं कोल्हापुरात कुणापुढे काढलं नव्हतं, इतकंच.

"मिस्टर मॅडसेन," ती म्हणाली, "इडल्या संपल्या. एक आहे, ती फुटलेली आहे. सांबारात मी तीन वेळा पाणी घातलंय, तुम्ही आता खाताय ते सांबार नाही. दहीभात चार जणांपुरता आहे आणि आम्ही दोघी अजून जेवलेलो नाही. तुम्हाला आणखी हवं असेल तर मी खिचडी टाकते, अर्धा तास लागेल. खरं सांगा. हवंय का?"

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण सुनेचा सूर तिला चांगला कळायचा. तिनं पदर तोंडाला लावला. साहेबांनाही सगळं कळलं नसावं. पण 'प्रॉब्लेम' हा शब्द 'नो' शिवाय आलाय एवढं कळलं. त्यांचा घास हातातच राहिला. मी खाली माझ्या पानाकडे बघत होतो. माझं पर्मनंट होणं त्या पानावरून घरंगळत कुठं जातंय ते मला दिसत होतं.

मॅडसेन म्हणाले, "नको."

मग त्यांनी मोठा श्वास सोडला, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "सहाव्या इडलीपासून नको आहे."

पहिल्यांदा बिरगिटबाई हसल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या. मॅडसेननी मग सगळं सांगितलं. निघण्यापूर्वी त्यांनी एक प्रवासाचं पुस्तक वाचलं होतं. भारतात घरी जेवताना नाही म्हणू नये, यजमानाचा अपमान होतो, असं त्यात होतं. आणि त्यांच्या आईनं लहानपणी शिकवलं होतं, की पुढ्यातलं सगळं संपवल्याशिवाय उठायचं नाही. "मला वाटलं, तुमच्याकडचं संपलं की माझी सुटका होईल," ते म्हणाले. "म्हणून विचारलं, अजून आहे का."

मी हे मराठीत आईला सांगितलं.

"अरे देवा," आई म्हणाली, "मग हात आडवा धरायचा की नाही मेल्यानं!" आणि तिनं आपला हात पानावर आडवा धरून त्यांना दाखवला. मॅडसेननी तसाच धरून पाहिला. आईनं रिकामा डाव बाजूनं पुढे केला, त्यांनी हात तिकडे सरकवला. ती म्हणाली, "शिकला."

साहेब हसले, कारण सगळे हसत होते. पण मॅडसेन हसायचे थांबले होते. ते वृंदाकडे बघत होते.

"मी इथं चार दिवस आहे," ते म्हणाले. "काय आहे ते मला सगळ्यांनी सांगितलं. काय नाही ते सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग विचारलं, "महिन्याला किती बॉड्या होतात?"

"ते मला माहीत नाही," वृंदा म्हणाली. "ते ह्यांना माहीत आहे."

आणि तिनं डाव माझ्या दिशेनं केला.

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबही. साहेबांच्या डोळ्यांत दोन हजार स्पष्ट लिहिलेलं होतं, एकेक शून्य वाचता येत होतं. आठ महिने मी त्या डोळ्यांत बघून मान हलवली होती. मी मान हलवायला सुरुवात केली, आणि ती अर्ध्यावर थांबली, कारण समोर वृंदा होती. ती रागावलेली नव्हती. नुसती वाट बघत होती.

"अकराशे," मी म्हणालो. "सोमवारी वीज नसते."

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला.

"आणि भोक?" बिरगिटबाईंनी विचारलं.

"शंभरात आठ-दहा बॉड्यांचं सरकतं. का सरकतं ते कळलंय. ते बंद करायला दोन महिने लागतील."

मॅडसेननी मान डोलावली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खीर मात्र त्यांनी घेतली, एक चमचा, आणि दुसऱ्या चमच्याला हात आडवा धरला. आईनं कौतुकानं ऐकलं.

आठ वाजता साहेबांचा ड्रायव्हर पाहुण्यांना हॉटेलवर सोडायला घेऊन गेला. साहेब गेले नाहीत. टेबलाशी बसून राहिले. आई आणि वृंदा आत जेवायला बसल्या होत्या, ताटं हलल्याचा आवाज येत होता. मी समोर उभा होतो. 'बघू' ऐकायची तयारी करून.

"अकराशे," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"चार माणसांत. पाहुण्यासमोर."

"हो साहेब."

ते बराच वेळ केळीच्या पानाची शीर नखानं सोलत बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं किती रं?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

"नऊशे," मी म्हणालो.

"मग अकराशे कशाला म्हणालास?"

"एकदम नऊशे सांगायचं बरं दिसत नाही, साहेब."

साहेबांचं पोट आधी हललं, मग खांदे, मग टेबल. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "लेका," ते म्हणाले, "तू तर माझ्यासारखाच निघालास की!" ते मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते. कोल्हापुरात ह्याच्या पुढचं पर्मनंट नसतं.

शनिवारी सकाळी साहेब एकटेच हॉटेलवर गेले. मला बरोबर घेतलं नाही. तिथं ते कुठल्या इंग्रजीत काय बोलले मला माहीत नाही. दहा मिनिटांत परत आले आणि भट्टीकडे निघून गेले. पंधरा दिवसांनी डेन्मार्कहून फॅक्स आला. महिना नऊशे बॉड्या, पहिली खेप दोन महिन्यांनंतर. खाली मॅडसेनच्या हातची एक ओळ होती, की सोमवारी काम बंद असतं याची आम्हाला कल्पना आहे. ते काम आम्ही अकरा वर्षं केलं, आणि एकही खेप चुकली नाही.

फॅक्सची प्रत मी घरी नेली. वृंदानं ती उभ्यानंच वाचली.

"नऊशे?" ती म्हणाली. "तुम्ही अकराशे म्हणाला होतात ना?"

"साहेबांनी कमी करून घेतले," मी म्हणालो. "जपून वागणारा माणूस आहे."

तिनं मान हलवली आणि कागद परत दिला. ह्याला आता बरीच वर्षं झाली आणि तिच्या हिशेबी त्या दिवशी मी खरं बोललो होतो. हे लिहून झालं की वाचायला तिच्याकडेच जाईल. माझं सगळं ती आधी वाचते, आणि वाचून झालं की त्यात काय नाही ते सांगते.